मधल्या सुट्टीतला भोंगा

सोमवार, २० जुलै १९९२

डोकं फिरलंय माझं! पंचशीलच्या मानेवर बोटांचे वळ. विचारलं तर म्हणे, "खेळताना लागलं, ताई." खेळताना! सहावीतलं पोर, धड खोटं बोलता येत नाही. शेवटी शेजारच्या बंटीनं फोडलं — मधल्या सुट्टीत मोठी पोरं ह्याला पाण्याच्या टाकीवर चढवतात, मान दाबतात — "ए भोंगे, बजा रे!" मिलकामगाराचा मुलगा ना! मग हा तोंडानं मिलचा भोंगा वाजवतो. नाही वाजवला तर मार.

मिल बंद पडली, घरोघरी चुली थंड, आणि ह्यांना गंमत सुचते.

मंगळवार, २१ जुलै

भोंगा काय चीज होती, त्या पोरांना काय ठाऊक! सकाळचा झाला की आई भात चढवायची. दुपारचा झाला की आमचा सगळा परदेशीपुरा मोहल्ला घड्याळं लावायचा. रविवारी वाजत नसे, तर बाबा उगाच लवकर उठून चुकल्याचुकल्यासारखे बसायचे. मी लहान असताना त्याला घाबरून त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसायची. कापसाचा नि तेलाचा वास. कित्ती आठवतो तो वास!

बुधवार, २२ जुलै

शाळेत गेले. हेडमास्तर भला माणूस, खोटं का बोला. सगळ्यांना बोलावलं. पोरं म्हणाली, "हम नी बजवाते सर, ये खुद बजाता है." आणि पंचशील — माझा सख्खा भाऊ! — मान खाली घालून म्हणतो, "हौ सर, मैं शौक से करता हूँ."

हेडमास्तर माझ्याकडे वळले, "अब बताइए, नंदिनीजी?" काय बतावणार, कपाळ!

संध्याकाळी लॉ कॉलेजात प्रतापराव सर पुराव्याचा कायदा शिकवत होते. साबित, नासाबित म्हणजे खोटं ठरलेलं, आणि साबित नहीं हुआ, म्हणजे धड खरंही नाही नि खोटंही नाही. "कायद्याच्या ह्या तीन खोल्या. सत्य कुठल्या खोलीत राहतं ते मला विचारू नका, मी फक्त दारं दाखवतो." वर्ग हसला. मला नाही आलं हसू. वळ खरे, आणि जबानीही त्याच्याच तोंडची. आता कशाला खरं म्हणू?

सोमवार, २७ जुलै

पुरावा गोळा करायला सुट्टीच्या वेळी शाळेमागच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. भोंगा झाला. बाई गं, हुबेहूब! आधी घरघर, मग चढ, मग तो लांबच लांब सूर. अंगावर काटाच आला.

आणि शाळेच्या भिंतीला टेकून — बाबा! शेजारी मिलमधले लक्ष्मणकाका. दोघांचे डोळे मिटलेले. भोंगा थांबला तसा बाबांनी पिशवीतून डबा काढला, अगदी मिलच्या खात्यात जेवायला बसल्यासारखा. म्हणाले, "कुणाचं पोरगं आहे कोण जाणे, लक्ष्मण. आपला भोंगा जिवंत ठेवलाय लेकानं."

मी तशीच मागे फिरले.

घरी पंचशीलला गाठलं. "टाकीवरून बाबा दिसतात, ताई. भोंगा झाल्याशिवाय ते डबा उघडत नाहीत." म्हणून हौसेनं करतो म्हणाला! त्याला जवळ घेतलं. दोघंही रडलो.

मंगळवार, २८ जुलै

बाबांना सांगू की नको? सांगितलं तर बाबांचं एवढंसं सुख जातं. नाही सांगितलं तर पोराची मान.

आई म्हणाली, "वकील होणार ना तू? मग तोंड शिवून कशाला बसलीस?"

सांगितलं. बाबांनी पुढ्यातलं ताट सारलं. जेवले नाहीत.

गुरुवार, ३० जुलै

बाबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मी मागोमाग. हेडमास्तरांसमोर उभेच राहिले, खुर्ची घेतली नाही.

"गवाह मैं हूँ, साहब. पहले थप्पड़ की आवाज आती थी, फिर भोंगा बजता था. रोज."

"रोज सुनते थे, तो रोका क्यों नहीं?"

"अच्छा लगता था, साहब. ये भी लिख लो."