ठाकरे सरांच्या घरातली मॉड्यूलं

४ ऑगस्ट २००८, सोम. अमरावती.
साहेबांचा हुकूम: रिटायर झालेल्यांची खाती सर्व्हरवरून पुसा. सर्व्हरची चावी, म्हणजे रूटचा पासवर्ड, त्यांनीच टाकला; पुसली मी. हवामानाच्या मेसेजचा प्रोग्राम लिहिणाऱ्या ठाकरे सरांचंबी. खोलीवर लवकर आली, खिचडी टाकली.

५, मंगळ.
सकाळी सहाचा मेसेज गेलाच नाही! पाऊस येणार का, फवारणी करायची का, हे शेतकऱ्यांच्या मोबाईलवर जातं तो. अकोल्याहून अब्बांचा फोन. "बेटी, आज मेसेज काहून नाही आला?" त्यांनी कपाशीची पराटी फवारली अन् दहा वाजता धो धो. सगळं औषध वाहून गेलं.
लॉग पाहिला. प्रोग्राम जागेवर, तो चालवणारं पर्ल जागेवर, त्याला लागणारे जोड-तुकडे, मॉड्यूलंच गायब. पर्ल बिचारं /usr/lib मध्ये पाहून आलं, /usr/local मध्ये पाहून आलं, कुठंच नाही. सगळी ठाकरे सरांच्या होम फोल्डरात होती, खात्यासोबत ते घरबी गेलं. म्हणजे मीच पुसली.

६, बुध.
आजबी मेसेज नाही. सरांना वरूडला फोन. बागेत होते. रागावतील वाटलं, तर हसले. "अवो बाई, रूटचा पासवर्ड साहेबानं मले कधी देलाच नाही. मंग सामान सोताच्या घरात नाही त कुठी ठेवू?"
बाकीची मॉड्यूलं नेटवर मिळतील. पण पावसाचे आकडे वाचणारं एक सरांनी स्वतः लिहिलेलं. बॅकअप नाही. सर म्हणे, जुन्या पेनड्राइव्हवर असलं तर असलं. जेवण गेलं नाही.

७, गुरु.
सर फटफटीवर आले. पेनड्राइव्ह रुमालात बांधलेला, सोबत भुट्टे. सापडलं! या अल्लाह, जीव भांड्यात पडला.
साहेबांना खरं सांगितलं. लई बोलले. बोलू दे, चूक माझीच. मग रूटचा पासवर्ड टाकायला स्वतः येऊन बसले, आम्हा दोघांना खिडकीकडं तोंड करायला लावलं. सर तोंडावर रुमाल धरून हसून राहिले होते.
या वेळी सगळं सामाईक /usr/local मध्ये टाकलं. कोणाच्या घरात काही नाही.

८, शुक्र.
मेसेज गेला. अब्बा: "फवारणीचा पंप ठेवून देला, बेटी." रडू आलं, खरंच.
माझं कंत्राट रविवारी संपतं. नवीन पत्राचं विचारलं तर "सोमवारी पाहू". म्हणजे माझंबी खातं कोणी असंच पुसणार. साहेबांना म्हटलं, आजच बंद करा.
"काहून? जाऊन राहिल्या का?"
"नाही सर. माझ्या खात्याशिवाय मेसेज जातो का, पाहायचं आहे."
परत खिडकीकडं तोंड; साहेबांनी पासवर्ड टाकला, माझं खातं बंद. संध्याकाळच्या गाडीनं अकोला.

९, शनि. घरी.
सहाला अब्बांचा मोबाईल हातात घेऊन ओट्यावर बसली. वाजला. आज फवारणी करू नका.
अब्बांनी वाचला, माझ्याकडं पाहिलं. "तू त इथं बसली आहेस. मंग हा पाठवला कोणी?"