श्री. चिराग मगदूम यांचं पार्सल

गडमुडशिंगी,
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

क्रिप्टोचा विषय फोनवर काढायचा नाही असं तू बजावलंयस, म्हणून कागद घेतला. काल ह्यांच्या नावानं पार्सल आलं. पोस्टमननं 'श्री. चिराग मगदूम' असं मोठ्यानं वाचलं आणि मी दारातच बसले. हे जाऊन आठ महिने झाले, दादा.

आत पेनड्राइव्हएवढं नवं हार्डवेअर वॉलेट, ते क्रिप्टोच्या चाव्या जपायचं यंत्र, आणि कंपनीच्या नावाचं एक पत्र आहे. जुनं सुरक्षित राहिलेलं नाही, दहा दिवसांत तुमचे चोवीस शब्द यात भरा, असं लिहिलंय. ज्यांनी कुठल्याही यंत्रावर सगळं परत उघडतं, त्या शब्दांची वही माझ्याकडे आहे. जुन्याचा पिन मात्र ह्यांच्याबरोबरच गेला, ते उघडत नाही. मोनाच्या शिक्षणासाठी ठेवलेलं सगळं त्यातच आहे. सासूबाईंनी ही नवी डबी ह्यांच्या फोटोपुढं ठेवलीय. लेकानं धाडलंय म्हणतात. खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं. हे नवं वापरू का?

वहिनींचा गुडघा कसा आहे? उत्तराची वाट बघते, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आदिती

बंगळुरू,
९ फेब्रुवारी २०२५

चि. आदितीस,
अनेक आशीर्वाद.

सवयीनं 'सौ.' लिहायला हात गेला, मग तो कागद फाडून हा घेतला.

ते यंत्र लावू नकोस. न मागता दारात आलेलं वॉलेट आपलं नसतं. त्यात शब्द भरलेस की ते थेट चोरांना कळतात. आपण जिथून जुनं मागवलं, त्यांची गिऱ्हाइकांची यादी चोरीला गेलीय. नाव, पत्ता, फोन, सगळं. चिराग म्हणत होता, शिरोलीच्या कारखान्याचा पत्ता द्या. घाईत घरचा पत्ता मीच भरला. हे तुला आजवर सांगायचं धाडस झालं नाही.

इथल्या खात्रीच्या दुकानातून, रोख देऊन, कुणाचंही नाव न लावता नवं घेतो. ब्लूटूथ नसलेलं, सील न तुटलेलं, आणि शब्द कंप्युटरवर न टाकता स्वतःच्याच पडद्यावर भरून घेणारं. पुढच्या रविवारी येतो. तोवर वही कुणाला दाखवू नकोस.

तुझ्या वहिनीचा गुडघा आता आवाज करत नाही, ती कसर तोंडानं भरून काढते. मोनाला पापा. मन घट्ट ठेव, आमची माया तुझ्यापाठी आहेच.

तुझा,
श्रेणिकदादा

गडमुडशिंगी,
२ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेलास आणि मोनाचं सगळं नव्या यंत्रात सुखरूप आलं. पत्त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ह्यांनीही तुला बोल लावला नसता.

पण ह्यांचा मोबाईल रोज सकाळी अकराला वाजतो. सासूबाईंनी तो चालू ठेवलाय. कुणी परका माणूस गोड आवाजात, चिराग आहेत का, विचारतो. सासूबाई सांगतात, कारखान्यावर गेलाय, येईल की. काल मी फोन ओढून घेतला आणि ते आता नाहीत असं सांगितलं. मग त्यानं विचारलं, शब्द आता कुणाकडं असतात? मी फोन कापला.

सिम बंद करायला निघाले तर सासूबाईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, चोर हाय हे मला ठावं हाय, पोरी. पर माझ्यापुढं आता लेकाचं नाव कुणी काढत न्हाय, तूबी न्हाय. ह्यो एकटाच रोज इचारतोय, चिराग हाय का म्हणून.

सिम बंद करायचा अर्ज अजून माझ्या पर्समध्येच आहे. आज अकराला फोन वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

रागावू नकोस, आहे तशी माया राहू दे.

तुझी,
आदिती