माईकला लावलेली हळद

आई, तुझं गाणं मला परवा जपानात ऐकू आलं आणि मी तुला ओळख दाखवली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, त्यामुळे मागचं पुढं होईल.

मी सध्या हिगाशी-कसाईत एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. आधी कोबेला होतो. माझं बूड एका जागी टेकत नाही, हे तुला काय सांगायचं. इथे पुण्या-मुंबईचे कॉम्प्युटरवाले भरपूर. त्यातल्याच, इचिकावा गावात राहणाऱ्या एका वहिनींच्या दिराची हळद होती, नवरी जपानी. जेवण आमच्याकडचं, म्हणून डबे घेऊन मी हॉलवर गेलो. तर तिथे हळदीला हळदच नाही! खाली गवताच्या चटया, डाग पडेल म्हणून हॉलवाल्याने मनाई केलेली. वाटीत झेंडूच्या पाकळ्या. त्याच एकमेकांच्या गालाला लावून सगळे हसत होते. आणि कुणीतरी फोनवर गाणं लावलं. तुझा आवाज. खाली कुणीतरी ठोकठोक बीट घातलेला, तुझ्या चारच ओळी फिरून फिरून येतात, आणि नाव भलत्याच डीजेचं. भाताचा डबा माझ्या हातात तसाच.

"दादा, तुम्ही तिकडचेच ना, आगरी?" वहिनी म्हणाल्या. "कोण गाते हो ही? व्हिडिओत नाव टाकायचंय."

"आमच्या गावची एक बाई होती," मी म्हणालो.

"होती म्हणजे?"

"वारली."

"अरेरे. मग तुम्हाला येत असेल की हे! म्हणा ना जरा."

आता मला तो पनवेलचा स्टुडिओ आठवतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मी सात वर्षांचा, कोपऱ्यात बसलेला. तू म्हाताऱ्या धवलारणीकडे लग्नाचे धवळे शिकलेली, दोन-दोन दिवस मांडवात बिनमाईकची ती गाणी गाणारी. तिचा एकच नियम होता, हलद लागल्याशिवाय धवला गावाचा नाय. पण स्टुडिओत कुठलं लग्न? तू पदराची गाठ सोडलीस आणि चिमूटभर हळद माईकला लावलीस. रेकॉर्डिंगवाला ओरडला, "अहो बाई, त्या माईकचं लग्न कुणाशी लावताय?" तू म्हणालीस, "तुज्याशीच लावते, थांब." सगळे हसले आणि तू गायलीस, मागे कीबोर्ड, ढोलाच्या जागी मशीन. मग काय, त्या गाण्याशिवाय कुणाची हळद उरकेना. तुला स्टेज मिळालं, चमचमती हिरवी साडी, मागे नाचणाऱ्या दोन पोरी. म्हातारीने मात्र तुला मांडवात बसू दिलं नाही. "तू धवला इकलास गो," म्हणाली. तू घरी येऊन गुपचूप भाकऱ्या थापल्यास, आणि दुसऱ्या दिवशी शोला गेलीस. तू विकलास की वाचवलास, मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

नंतरचा तो दिवस. तू चुलीपाशी जवळा निवडत बसली आहेस, हिरवी साडी दोरीवर. मी दप्तर टाकतो आणि म्हणतो, "पोरं हसतात तुला. त्या साडीत."

"हसूदे. तू काय बोललास त्यांना?"

"काय नाय."

"आईला हसतात आनि तू आयकून येतोस?"

एवढंच. मारलं पण नाहीस. पण त्या रात्रीच्या शोला गेली नाहीस, आणि त्यानंतर कुठल्याच नाही. दुसऱ्या वर्षी तापाने गेलीस. साडी तशीच घडीत होती.

तर हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघतायत, हातात कराओकेचा पांढरा माईक दिलाय. मी मागे गेलो, मसाल्याच्या डब्यातून चिमूटभर हळद घेतली आणि माईकला लावली. "अहो दादा, डाग पडेल!" "पुसून देतो," म्हटलं. आणि मी तुझ्या चार ओळी नाही, म्हातारीचा अख्खा धवळा म्हटला, तू घरी म्हणायचीस तसा, संथ, देवांना बोलावण्यापासून. निम्मी माणसं मध्येच जेवायला उठली. एक पोरगं जांभया देत होतं. नवरी मात्र डोळे मिटून बसली होती. नंतर कितीही पुसला तरी माईक काही पांढरा झाला नाही. मी वाकून माफी मागतोय, हॉलवाला वाकून नमस्कार करतोय, आम्ही दोघं वाकतच राहिलो. ही हळद लागली असं धरायचं का, तूच सांग.

आज सकाळी वहिनींचा मेसेज आला, त्या बाईंचं नाव कळवा. दुपारभर फोन हातात धरून बसलो, कांदे तसेच राहिले. शेवटी पूर्ण नाव पाठवलं.

"आडनाव तुमचंच?"

"आई होती."

"अहो, मग सांगायचं नाही का! एवढं छान गायच्या. सोडलं का त्यांनी?"

त्याला उत्तर दिलेलं नाही. हा कागद त्यांना दाखवणार नाही आणि तुला पोचणार नाही, म्हणून इथे लिहितो. पोरं हसत नव्हती, आई. पोरं मधल्या सुट्टीत बाकं बडवून तुझंच गाणं म्हणायची. लाज मला वाटायची.