पासवर्ड : हिलालनी आंडेर

१८ जुलै, शुक्रवार

लागलं! विद्यापीठाचं वाय-फाय लागलं एकदाचं. एम.एस्सी.च्या आमच्या वर्गात मी दुसरी. पहिली अपर्णा, पण तिला तिच्या दादाने लावून दिलं. ते मी धरत नाही.

संगणक केंद्राच्या तळमजल्यावर एक खिडकी आहे. आत एक गृहस्थ. बिल्ल्यावर नुसतं ‘धर्मेंद्रभाई यू.’ – आडनावाचा पत्ताच नाही. बोलणं मोजकं, तेही चोख गुजरातीत. माझा नोंदणी क्रमांक बघितला, कागदाच्या चिटोऱ्यावर तात्पुरता पासवर्ड लिहून दिला आणि म्हणाले, आधी हा बदला. मग बोट वर करून, “कोईने केवानो नहीं, बेन.” कोणाला सांगायचा नाही म्हणे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

पासवर्ड कमीत कमी दहा अक्षरी हवा, कोणाला ओळखता येऊ नये असा. अपर्णाने मांजराचं नाव ठेवलंय. तिचं मांजर अख्ख्या अडाजण भागाला माहीत आहे! मी दोनच मिनिटं विचार केला आणि ठेवला – हिलालनी आंडेर. हिलालची, म्हणजे बाबांची, मुलगी. घरी आम्ही अहिराणी बोलतो, मुलगी म्हणजे आंडेर, मुलगा म्हणजे आंडोर. या विद्यापीठात कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही. इथे डायरीतही मुद्दाम देवनागरीतच लिहितेय. इंग्रजी स्पेलिंग लिहून ठेवायला मी वेडी नाही.

१९ जुलै, शनिवार

आईला दाखवलं, बघ, तुझ्या बोलीतला शब्द कॉम्प्युटरला घातला. ती कणिक मळत होती. म्हणाली, “मंग त्याले समजनं का?” म्हटलं, समजायची गरजच नाही, तीच तर मजा आहे. तिला ती मजा काही कळली नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

वाय-फाय म्हणजे राजेशाही आहे. कॅम्पसच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की फोन आपोआप जोडला जातो, परत काही टाकावं लागत नाही. पांडेसऱ्यात घरी एक पान उघडेपर्यंत चहा होतो. इथे लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ बसलं की अख्खा शोधनिबंध एका दमात उतरतो. आज अकरा उतरवले. वाचले दोन. ते जाऊ दे.

एक मात्र खरं, दिवसभरात मराठीचा एक शब्द तोंडातून गेला नाही. अहिराणीचा तर प्रश्नच नाही. माझी गुजराती इतकी साफ आहे की आडनाव पाटील सांगेपर्यंत कोणाला कळत नाही. मला त्याचा अभिमान वाटतो. वाटतो म्हणजे – वाटतोच.

२५ ऑगस्ट, सोमवार

मोठी बातमी! हजीऱ्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांचं प्रशिक्षण. आमच्या विभागातून आठ जण घेणार. ऑनलाइन परीक्षा ११ सप्टेंबरला, सकाळी अकराला. आपल्याच खात्यातून, विद्यापीठाच्याच वाय-फायवर, लॅपटॉपवर द्यायची. बाहेरून लिंक उघडत नाही. परत संधी नाही.

बाबांना सांगितलं. ते डाइंग मिलमधून येऊन पाय धूत होते. त्यांच्या साहेबांनी मिलच्या ऑफिसात माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय, दिवाळीनंतर लगेच. बाबांना वाटतं, पोरगी किती वर्षं नुसती शिकत बसणार? चिडून नाही म्हणत ते, खरंच विचारतात. शेवटी ठरलं. हजीरा मिळालं तर एम.एस्सी. पुरी करायची. नाही मिळालं तर दिवाळीनंतर मिलचं ऑफिस, कुरकुर न करता. मी हो म्हटलं. मला मिळणारच आहे, मग हो म्हणायला काय जातंय?

८ सप्टेंबर, सोमवार

विभागातून चार दिवसांसाठी लॅपटॉप मिळाला. अभ्यास झाला. दोनदा झाला. अपर्णा म्हणते, तुझा आत्मविश्वास बघून मलाच धडकी भरते.

११ सप्टेंबर, गुरुवार

नीट लिहिते.

दहाला लायब्ररीत बसले. लॅपटॉप उघडला. त्याने पासवर्ड मागितला. तेव्हा लक्षात आलं – जुलैनंतर मी तो एकदाही टाइप केलेला नाही! फोनला पाठ, मला नाही. फोनमध्ये बघावं तर नुसते ठिपके.

शब्द आठवत होता हो. शब्द मी जन्मापासून ऐकतेय. पण आंडेर इंग्रजीत कसं लिहिलं होतं? सुरुवातीला एक ए की दोन? शेवटी ई आर की ए आर? मी हा शब्द आयुष्यात एकदाच लिहिलाय आणि तो जुलैत. आमच्या घरात तो कोणीच कधी लिहिलेला नाही, लागतो कशाला? पिशवीत ही डायरी होती. उघडली. देवनागरी! जुलैतल्या त्या शहाण्या बाईच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

एक ए. चूक. दोन ए. चूक. मग घाईत काय टाकलं आठवत नाही. खातं बंद, चोवीस तासांसाठी. दहा वाजून वीस मिनिटं.

पळत खिडकीशी गेले. अपर्णाही मागोमाग आली. खिडकी साडेदहाला उघडते. ती दहा मिनिटं मला मिलच्या ऑफिसातली खुर्ची दिसत होती. धर्मेंद्रभाई आले, कुलूप काढलं, पंखा लावला, मग बसले. मी गुजरातीत सगळं भडाभडा सांगितलं. अकराची परीक्षा, स्पेलिंग, सगळं. पासवर्ड त्यांनी विचारलाच नव्हता, मीच बोलून गेले – हिलालनी आंडेर.

अपर्णा फिसकन हसली. म्हणाली, “अंदर? हिलालच्या अंदर?” रांगेतले दोघे-तिघेही हसले. तिच्या मनात वाईट नव्हतं, तिला खरंच माहीत नाही. पण माझे कान तापले. आणि मी काय केलं? मीही हसले. म्हणाले, अमस्तुं, असंच काहीतरी आहे, अर्थ नाही त्याला.

धर्मेंद्रभाईंनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग अपर्णाला म्हणाले, “एमां हसवा जेवुं शुं छे?” यात हसण्यासारखं काय आहे? त्यांनी माझं ओळखपत्र घेतलं, खटाखट काहीतरी दाबलं, खातं उघडलं. पुन्हा चिटोरं. या वेळी तात्पुरता पासवर्ड लांबलचक होता, सगळी अक्षरं एकाला एक चिकटलेली, शेवटी सातचा आकडा. मशीन काहीही देतं. परीक्षा झाल्यावर बदला म्हणाले.

दहा अठ्ठावन्नला आत गेले. एकेक अक्षर बोटाने दाखवत टाकलं. लागलं! पेपर चांगला गेला. एक गणित सोडून सगळं आलं, तेही वेळ संपला म्हणून.

पण मी हसले ते बरं केलं नाही. बाबांचं नाव होतं त्यात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अपर्णाला सांगितलं, आंडेर म्हणजे मुलगी. ती म्हणाली, अगं, मग कालच सांगायचं ना! बरोबर आहे तिचं.

२२ सप्टेंबर, सोमवार

यादी लागली. आठांत मी तिसरी!! लायब्ररीतूनच बाबांना फोन केला. मिलमध्ये मशीनचा आवाज, त्यांना ऐकूच येईना. तीनदा ओरडून सांगितलं, अहिराणीत, सगळ्यांदेखत. माना वळल्या, वळू देत. बाबा एवढंच म्हणाले, “साहेबले आते सांगस, मनी आंडेर येत नही.” आवाज मात्र असा होता की मिलभर ऐकू गेला असेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पर्स झाडताना ते चिटोरं निघालं. पासवर्ड बदलायचा राहूनच गेलाय. बदलावा म्हणून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते – उ, खा, ना, आं, डो, र, सात.

आई भाकरी थापायची थांबली. म्हणाली, “उखाना आंडोर? कोन उखा?” उखाचा मुलगा!

धर्मेंद्रभाई यू.

उद्या पेढे घेऊन खिडकीशी जाणार आहे. गुजरातीत बोलणार नाही.