कोवळ्या उन्हाबद्दल आभार

आई, आज सकाळी पुन्हा फोन भिंतीवर आपटावासा वाटला, म्हणून तुला लिहायला बसले.

तुझ्या वेळी फोनवरची प्रार्थना नव्हती. आता महाडातल्या आमच्या मूठभर ख्रिस्ती मंडळीचे पाळक रोज पहाटे ग्रुपवर आवाज पाठवतात. खाली सगळे हात जोडल्याची चित्रं चिकटवतात, झाली उपासना. "प्रभू, या शांत पहाटे आम्ही तुझ्या चरणी आलो आहोत," असं ते घोगऱ्या आवाजात म्हणतात आणि मागे कुकरची शिट्टी होते, भंगारवाला ओरडतो. रविवारी दुपारी मटण शिजेपर्यंत आठवडाभराच्या पहाटा रेकॉर्ड करून ठेवतात. मी विचारलं तर हसून म्हणाले, "ताई, देवाकडे कुठे घड्याळ असतं? सातत्य महत्त्वाचं." त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मला शिसारी आली.

सातत्य मी तुझं पाहिलं होतं. तू पोलादपूरच्या दवाखान्यात आया. रात्रपाळी करून यायचीस, अंगाला फिनेलचा वास, डोळे तांबारलेले. तरी चहाचं आधण ठेवण्याआधी पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचा आणि मेंढपाळाचं स्तोत्र तोंडपाठ म्हणायचं, यात सूट नाही. मी चुलीपाशी पाय आपटते आहे. "माझं मन नाही लागत. खोटं खोटं म्हणू?" तू माझी वेणी ओढतेस. "दात घासायला मन लागतं व्हय गो? तरी घासतेस ना? मन नाय तर नाय, तोंड तरी हजर ठेव." किती कोरडी बाई आहे ही, असं वाटायचं मला.

मग तू गेल्यानंतरच्या एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर, खाली आमचं घर बुडालेलं, चिखलाचा आणि मेलेल्या कोंबड्यांचा वास नाकात बसलेला. उजाडता उजाडता फोन वाजला. पाळकांचा आवाज: "प्रभू, आजच्या या कोवळ्या उन्हाबद्दल तुझे आभार." वरून पाऊस कोसळत होता. रोज रोज म्हटलेलं शेवटी असंच पोकळ होतं, आता हे सगळं कायमचं सोडायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

शेजारच्या काकींचा मुलगा आदल्या दिवशी कापडे गावाला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. काकी तुळशीची माळ घालणाऱ्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "बाय, तुमच्यात सकाळचं काय म्हनतात, ते म्हन गो. माज्या जिवाला थारा नाय."

माझ्याकडे काय होतं? शास्त्र खाली पाण्यात, मनात नुसती घाण. पण तोंड उघडलं आणि तुझं स्तोत्र एका शब्दालाही न अडखळता बाहेर आलं. संपलं की काकी म्हणायच्या, "परत म्हन." मुलगा दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत आला, तोवर मी म्हणतच होते.

पाळकांच्या पहाटा अजून दुपारीच होतात आणि मला त्यांची किळस अजून येते. हे पत्र टाकायला पेटी नाही, उशीखाली राहील. एक सांगते, रागावू नकोस. मला अजूनही गोडी लागलेली नाही. आजही फोन बंद करून तुझं स्तोत्र चिडचिडतच म्हटलं.

चहा मात्र नंतर घेतला.