गाल उतरतोय

३ मार्च, रविवार, सकाळी
दाढी करताना डाव्या कानाखाली सूज लागली हाताला. दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीचा बाऊ करायचा नाही, हा आपला नियम. बायको म्हणते डॉक्टरांना दाखवा. म्हटलं, शास्त्रीय पद्धतीने लक्ष ठेवू. स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे, तो काय फक्त लोकांच्या पासपोर्टसाठी? दर रविवारी एक फोटो. तेच स्टूल, तोच लाइट.

१७ मार्च
शेजारचा केमिस्ट म्हणाला, लाळेच्या ग्रंथीत खडा अडकला असेल. आंबट चघळा, शेका, पाणी प्या. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवाच, असंही म्हणाला. केमिस्ट असं सगळ्यांनाच म्हणतात. लिंबाच्या गोळ्या आणल्या.

७ एप्रिल
दात आंबले. गोळ्या बंद. शेक चालू, म्हणजे चालू करायचाय. फोटो मात्र चुकवला नाही. स्क्रीनवर स्पष्ट दिसतं, गाल उतरतोय. बायकोने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. पटलं असावं.

२८ एप्रिल
फोटोत सूज नाही. आरशात आहे. आरसा जुना झालाय. चहा डाव्या कोपऱ्यातून सांडतो, कप बदलायला हवेत. एक गिऱ्हाईक म्हणालं, तुम्हीच वाकडं हसताय. दिवसभर लोकांना हसा हसा म्हणून तोंड दमणारच.

१२ मे
बायकोने विचारलं, नाकावरची चामखीळही लिंबाच्या गोळ्यांनीच गेली का. चामखीळ नाकावर आहे, फोटोत नाही.
मार्चअखेरीस शाळेच्या ओळखपत्रांचं मोठं काम आलं होतं. तेव्हा कॉम्प्युटरला सेटिंग लावलं: प्रत्येक फोटोतले डाग घालव, दोन्ही गाल सारखे कर. काढायचं राहिलं. मूळ फोटो वेगळे सेव्ह होतात. ते उद्या बघू.

१४ मे
बायकोने हाताला धरून नेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंनी गाठ चाचपली, डोळे घट्ट मिटायला लावले, मग दात दाखवा म्हणाल्या. मी मनापासून हसलो. त्या हसल्या नाहीत. स्कॅन सांगितला, गाठीत सुई घालून तपासणीला पाठवलं. तोंड कधीपासून वाकडं, असं विचारलं. म्हटलं, दर रविवारचा पुरावा आहे. बायकोने सेटिंगचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मूळ फोटोच आणा.

२४ मे
रिपोर्ट आला. गाठ वाईट आहे. काढावी लागेल. चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच जाते, ती वाचेलच असं नाही.
डॉक्टर बाईंनी फोटो ओळीने पाहिले. मार्चभर सूज आहे, पण हसू सरळ. एप्रिलमध्ये डावा कोपरा खाली यायला लागतो. बायकोने विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर? त्या म्हणाल्या, कदाचित नस वाचली असती. भीती वाटते.

२६ मे, रविवार
ऑपरेशन मंगळवारी. संध्याकाळी बायको म्हणाली, बसा स्टुलावर, आहे ते हसू एकदा काढून ठेवू. सेटिंग तिनेच बंद केलं. हसा म्हणाली. जमेल तेवढं हसलो.
फोटो हललेला आला. पुन्हा घेतला, तोही हललेला. तिचा हात नाही, ट्रायपॉडचा पाय डगमगतो. नवा घ्यायला हवा.