आत्याची सही

उदगीर
९ जुलै २०२५

ती. सुकन्याआत्यास,
मंजुश्रीचे शरणु. वि. वि. तुमच्या नांदेडच्या घरी फोन तुझे 'हे', म्हणजे आमचे मामाच उचलतात, म्हणून तुझ्या मुखेडच्या शाळेच्या पत्त्यावर लिहीत आहे.

लातूरला फिजिओथेरपीला माझा नंबर लागला, हे तुला कळलंच असेल. आप्पांची अडत दुकानातली मुनिमकी कागदावर दिसत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँक जामीनदार मागून राहिली. मामा आपणहून तयार झाले. आप्पा लई खूश आहेत. पण मामांनी कॉलेजचं एक अक्षर विचारलं नाही. माझी उंची अन् रास विचारली. साडीतला फोटोही मागवला. बँकेच्या कोणत्या कागदाला रास लागते, आत्या? तुझ्या संगमेशचं लग्न यंदा करायचं म्हणतात. खरं काय ते कळव. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी मंजू


मुखेड
१५ जुलै

चि. मंजूस अ. आ.
तुझ्या पत्राचा आधी रागच आला. चार बुकं शिकली अन् घरच्यांवरच संशय घ्यायला लागली, असं वाटलं. मग संगमेशला विचारलं. तो म्हणाला, मंजू मला बहिणीसारखी, हे काढलं कुणी? यांना विचारलं तर यांनी पेपर तोंडापुढं धरला. शेवटी म्हणाले, पोरगी आपल्याच घरात येणार असेल तर सही करायला काय जातंय.

तुमची सही नकोच, असं मी सांगितलं. नोकरी माझी, पगार माझा. त्या पगारावर आजवर यांच्या दुकानाची कर्जं निघाली, आता भाचीचं निघेल. त्यावर हे काय बोलले ते लिहीत नाही. सोमवारी बँकेत येते. आप्पाला एवढ्यात सांगू नकोस. वहिनीला शरणु.

तुझी आत्या


लातूर
११ ऑगस्ट

ती. आत्यास शरणु.
कर्ज मंजूर झालं, कॉलेजही सुरू झालं. तू सही करत होतीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते. वाटलं, आता हीसुद्धा काहीतरी मागेल. तू फक्त चहा मागितलास.

काल आप्पांनी नांदेडला फोन केला. मामा म्हणाले, ती माहेरीच आहे. आप्पा चक्रावले. तू उदगीरला नाहीस, नांदेडलाही नाहीस. माझ्यापासून काय लपवून राहिलीस? उलट टपाली लिही.

मंजू


मुखेड
१८ ऑगस्ट

चि. मंजूस अ. आ.
सही मागं घे, नाहीतर घरात पाऊल टाकू नको, असं हे म्हणाले. मी मागं घेतली नाही. शाळेजवळ खोली केली आहे. संगमेश गादी अन् गॅस पोचवून गेला, जाताना रडला. मी नाही रडले, निदान त्याच्यासमोर.

आप्पाला मीच सांगेन. तू अभ्यास कर. दिवाळीला आधी इकडं ये. मी शाळेत असले तर किल्ली शेजारच्या सुमनबाईंकडं असते. या दाराशी कुणाला विचारून आत यावं लागत नाही.

तुझी आत्या